साताऱ्यात स्पोर्ट्‌स कार: पहिल्या वर्षी काय काय सांभाळायचं

पोर्शे ९११ किंवा ७१८, बीएमडब्ल्यू एम२, ऑडी आरएस५, फोर्ड मस्टँग यांपैकी कुठलीही गाडी साताऱ्यात रोज वापरता येते. पोवई नाक्यावरून कामाला जाता येतं, पुण्याला जाऊन त्याच दिवशी परतता येतं, कासलाही जाता येतं. या गाड्या जोरात पळवल्याने सहसा बिघडत नाहीत. इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक त्याच हिशेबाने बांधलेले असतात. त्या खराब होतात महिनोन्‌महिने उभ्या राहून, पोट जमिनीला घासून आणि या गाडीची माहिती नसलेल्या माणसाच्या हातून. पहिल्या वर्षी सगळं लक्ष याच गोष्टींकडे हवं.

घेण्याआधी

वापरलेली गाडी घेत असाल तर पहिला हिशेब खर्चाचा. सव्वा कोटीची गाडी आठ-दहा वर्षांनी चाळीस लाखांत मिळाली, तरी तिचे ब्रेक, टायर आणि सुटे भाग सव्वा कोटीच्या गाडीचेच असतात. वर्षाचा खर्च धरताना तुम्ही मोजलेली रक्कम विसरा, नव्या गाडीची किंमत डोळ्यांसमोर ठेवा. तिच्या दोन-तीन टक्के रक्कम दरवर्षी बाजूला काढणं जड जात असेल, तर एक पायरी खालची गाडी घेणं शहाणपणाचं.

गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकीबदलाला फॉर्म २९ आणि ३० लागतात. परराज्याच्या पाटीवर इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर महाराष्ट्रात नव्याने नोंदणी करावीच लागते आणि इथला कर भरावा लागतो. भाव ठरवताना तो धरा.

तपासणी त्याच कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, त्यांच्याच संगणकावर करून घ्या. साध्या स्कॅनरला या गाड्यांचे निम्मे कोड दिसत नाहीत. मॅन्युअल गिअरची पोर्शे असेल तर ओव्हर-रेव्ह अहवाल मागा: इंजिन ठरलेल्या मर्यादेपलीकडे कधी आणि किती फिरलं याची नोंद इंजिनाचा संगणक टप्प्याटप्प्यांत ठेवतो. वरच्या टप्प्यांत अलीकडची नोंद दिसली तर चुकीचा गिअर पडला होता असं समजा आणि दुसरी गाडी बघा. ब्रेक डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. ती वाचा आणि कॅलिपरने प्रत्यक्ष जाडी मोजा. शेवटी गाडी लिफ्टवर घेऊन खालची कव्हरं बघा. जुने ओरखडे चालतील. तुटलेली क्लिप, वाकलेला पाइप किंवा तेलाचा ओला डाग दिसला तर कारण कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पोटाखालची जागा

९११ च्या पोटाखाली साधारण ११-१२ सेंटिमीटर जागा असते, मस्टँगला थोडी जास्त. गतिरोधकाच्या नुसत्या उंचीवरून गाडी घासेल की नाही हे कळत नाही. त्याची रुंदीही बघावी लागते. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या प्रमाणाप्रमाणे बांधलेला गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. ९११ चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २.४५ मीटर. म्हणजे अशा गतिरोधकाच्या माथ्यावर गाडीची दोन्ही चाकं उंचवट्यावरच असतात आणि पोटाखालची जेमतेम साडेचार सेंटिमीटर जागा जाते. असा गतिरोधक ती आरामात ओलांडते. घासतं ते कॉलनीच्या तोंडाशी, शाळेसमोर किंवा गावात रातोरात घातलेल्या आखूड, उभट उंचवट्यांवर. तिथे पुढची चाकं उतरलेली असतात, मागची अजून चढलेली नसतात आणि मधला सगळा उंचवटा पोटाला भिडतो.

रोजच्या वाटेवरचे असे उंचवटे एकदाच मोजून ठेवा. गाडीच्या व्हीलबेसएवढी सरळ ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, उंचवट्याच्या माथ्यावर मधोमध टेकवून समतल धरा आणि दोन्ही टोकांशी पट्टी ते रस्ता हे अंतर टेपने मोजा. तेवढी जागा पोटाखाली लागते. गाडीत दोन माणसं आणि भरलेली टाकी असताना पोटाखालची खरी उंची मोजा आणि त्यातून दीड सेंटिमीटर वजा करा, कारण स्प्रिंग दबतेच. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कुठला रस्ता जमेल आणि कुठला टाळायचा ते लगेच कळतं. घराच्या फाटकाचा उतार, गटारावरची फरशी, बेसमेंट पार्किंगचं तोंड हेही याच रीतीने मोजा. गाडी घरी येण्याआधी मोजलेलं बरं, नाहीतर पहिल्याच दिवशी ती रस्त्यावर उभी करावी लागते. फाटकाचा चढ एकदम सुरू होत असेल तर त्याच्या तोंडाशी चार सेंटिमीटर जाडीची, फूटभर रुंद फळी टाकली तरी पुष्कळदा भागतं.

ओलांडायची पद्धत अशी. उंचवट्याच्या आधीच वेग पाच किलोमीटरवर आणा आणि चढण्यापूर्वी ब्रेक सोडा. ब्रेक दाबलेला असला की नाक खाली दबतं आणि जो भाग वाचवायचा तोच आधी टेकतो. मागचा आरसा बघा, कारण इथे दुचाकीवाले उरलेल्या फटीतून पुढे काढतात. मग तिरपं जा, म्हणजे एका वेळी एकच चाक चढेल. पुढचं नाक उचलण्याची सोय गाडीत असेल तर वापरा. ९११ मध्ये नाक साधारण ४० मिलिमीटर वर येतं आणि ताशी ३५ किलोमीटरच्या आतच वर राहतं. उचलायला काही सेकंद लागतात, म्हणून बटण उंचवट्यापाशी पोचण्याआधीच दाबा. आणि लक्षात ठेवा, त्याने फक्त नाक वाचतं. पोटाचा मधला भाग त्याने फारसा वर येत नाही.

बंपरखालची काळी प्लास्टिकची पट्टी घासली तर जीव कासावीस करून घेऊ नका. ती घासण्यासाठीच असते आणि वेगळी बदलता येते. पण जोरात धक्का बसला तर पुढे सुरक्षित जागी थांबून खाली वाकून बघा. लोंबणारं कव्हर वाऱ्याने फाटून चाकात जातं. ठिबकणारं पाणी नुसतं स्वच्छ असेल तर ते एसीचं. रंगीत आणि बोटाला बुळबुळीत लागत असेल तर कूलंट. कूलंट गळत असेल तर गाडी तिथेच बंद करा.

टायर: सगळ्यात जास्त लक्ष इथे

९११ कॅरेरा एसच्या ९९२ पिढीला पुढे २४५/३५ आर २० आणि मागे ३०५/३० आर २१ मापाचे टायर आहेत. हे माप साताऱ्यातल्या दुकानात तयार मिळेल असं धरून चालू नका. पुण्याहून मागवावं लागतं आणि चार-पाच दिवस गाडी जागेवर बसते. म्हणून जुना संच बदलताना त्यातला बऱ्या अवस्थेतला एक मागचा टायर घरी ठेवून द्या. टायरच्या कडेवर गाडीच्या कंपनीची खूणही बघा: पोर्शेला एन आणि पुढे आकडा, बीएमडब्ल्यूला चांदणी, मर्सिडीजला एमओ. त्याच मापाचा बिनखुणेचा टायर बसतो, पण त्याचा रबर आणि कडेचा ताठपणा वेगळा असतो. एकाच ॲक्सलवर दोन वेगळे टायर तर कधीच नकोत, आणि चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत चारही टायरांची झीज एकमेकांच्या जवळ असावी लागते. उत्पादनाची तारीख चार आकड्यांत असते: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर, नक्षी कितीही शिल्लक असो, या गाडीवर ठेवू नका.

हवा सकाळी, गाडी किमान तीन तास उभी असताना मोजा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब सुमारे १ पीएसआयने वाढतो. मे महिन्यात दुपारी पुण्याहून आल्यावर पडद्यावर चार-पाच पीएसआय जास्त दिसले तर हवा सोडू नका; ती सोडली की दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर धावतो आणि कडा तापतात. पंपावरच्या मीटरवर भिस्त नको. स्वतःचा डिजिटल गेज घ्या.

या गाड्यांची मागची चाकं वरच्या बाजूने किंचित आत कललेली असतात, त्यामुळे मागचा टायर आतल्या कडेने आधी झिजतो. उभं राहून बघितलं तर बाहेरची नक्षी छान दिसते आणि आत तारा उघड्या पडलेल्या असतात. दर महिन्याला मोबाइल टायरच्या मागे आतल्या बाजूला धरून फोटो काढा. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण इथला पावसाळा बघता मेअखेरीस नक्षी तीन मिलिमीटरच्या खाली असेल तर टायर जूनआधी बदला. आतली कड फारच लवकर जात असेल तर टो, म्हणजे वरून बघताना चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन, बिघडलेला आहे. कुठल्या तरी मोठ्या खड्ड्याचा तो परिणाम.

पंक्चर झालं तर काय, याची तालीम घरीच करा. बहुतेक स्पोर्ट्‌स कारमध्ये स्टेपनी नसते. सीलंटची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर असतो. बाटलीवरची मुदत संपली असेल तर आतला द्रव घट्ट होऊन बसलेला असतो, म्हणून तारीख आजच बघा. क्रम असा:

१. खिळा दिसला आणि हवा हळू जात असेल तर खिळा काढू नका. फक्त हवा भरून जवळच्या चांगल्या दुकानापर्यंत जा.
२. हवा पटकन जात असेल तर सीलंट सोडा, हवा भरा, दहा मिनिटं सावकाश चालवा, पुन्हा दाब बघा. त्यानंतर ताशी ८० च्या पुढे जायचं नाही.
३. दुकानात बाहेरून चिकट दोरी खुपसायला नकार द्या. ती रस्त्यातून घरी पोचण्यापुरती ठीक. टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम प्लग बसवून घ्या. तोही भोक सहा मिलिमीटरच्या आत आणि नक्षीच्या मधल्या भागात असेल तरच.
४. कडेला भोक किंवा फुगा असेल तर टायर बाद. त्यावर दुरुस्ती नाही.
५. सीलंट वापरलेलं असल्यास टायरच्या आतला प्रेशर सेन्सर पुसून घ्यायला सांगा, नाहीतर तो चुकीचे आकडे दाखवतो.

चाक बसवताना हवेची बंदूक लावू देऊ नका. हब आणि बोल्टचे आटे त्याने बिघडतात, जास्त आवळलं तर डिस्कही वाकडी बसते. हाताने आटा धरून बोल्ट लावायचे, मग चांदणीच्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळायचे. पाच बोल्टच्या ९९२ ला १६० न्यूटन मीटर लागतात, मस्टँगला साधारण २०४. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेतून घेऊन पान्याच्या डब्यावरच लिहून ठेवा. पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. पोर्शेच्या एका मधल्या नटवाल्या चाकाला मात्र ६०० न्यूटन मीटर लागतात. ते काम रस्त्यावर करायचंच नाही, गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणाऱ्या सपाट ट्रकवर, घाला. चोरी टाळण्यासाठी असलेल्या बोल्टची चावी गाडीतच, ठरलेल्या एका जागी ठेवा. ती घरी राहिली तर कुठलाच मेकॅनिक चाक काढू शकत नाही.

पेट्रोल, ऑइल आणि गरम होणं

पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेला ऑक्टेनचा आकडा वाचा. ९५ लिहिलेलं असेल तर एक्सपी ९५ किंवा पॉवर ९५ सारखं पेट्रोल भरा. ९८ लिहिलेलं असेल तरी रोजच्या वापराला ९५ बहुधा चालतं. नॉक सेन्सर, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटल्याचा ठोका ओळखणारा सेन्सर, ठिणगीची वेळ मागे घ्यायला लावतो आणि ताकद थोडी कमी होते. त्या अवस्थेत कमी आरपीएमवर वरच्या गिअरमध्ये घाट चढवू नका, गिअर खाली घ्या. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल पुण्यात निवडक पंपांवर मिळतं, तिकडे जाणं झालं तर भरून या.

पेट्रोलमधल्या इथेनॉलचं प्रमाण आता वीस टक्क्यांवर गेलं आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. रोजच्या गाडीला त्याचा त्रास नाही, उभ्या गाडीला आहे. म्हणून गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरलेली ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी राहते, आणि भरलेलं पेट्रोल दोन महिन्यांच्या आत संपवा. ई-२० च्या, म्हणजे या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलच्या, आधीच्या काळातल्या गाडीत दर सर्व्हिसला पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि जोड तपासायला सांगा. केबिनमध्ये पेट्रोलचा वास आला तर तो कधीही दुर्लक्षू नका.

इंजिन ऑइल दाट-पातळ बघून घ्यायचं नसतं. कंपनीची मान्यता बघून घ्यायचं असतं. पोर्शेला मॉडेलनुसार ए-४० किंवा सी-२०, मर्सिडीजला २२९.५ असे आकडे डब्यावर छापलेले असतात. नव्या ९११ मध्ये आणि बऱ्याच बीएमडब्ल्यूत ऑइल बघायची काडीच नाही. पातळी पडद्यावर दिसते, तीही इंजिन पूर्ण तापलेलं आणि गाडी सपाट जागी असताना. थंड गाडीत किंवा उतारावर घेतलेल्या आकड्यावरून ऑइल ओतू नका. जास्त झालेलं ऑइल कमी ऑइलइतकंच वाईट. जोरात चालवल्यावर ही इंजिनं थोडं ऑइल खातात, ते स्वाभाविक आहे. मान्यताप्राप्त ऑइलचा एक लिटरचा डबा घरी असू द्या, कारण रात्री गरज पडली तर साताऱ्यात तोच प्रकार मिळण्याची खात्री नाही. ९११ ला साडेसात-आठ लिटर ऑइल लागतं. पुस्तिकेत पंधरा हजार किलोमीटर लिहिलेलं असलं तरी इथल्या धुळीत आणि छोट्या फेऱ्यांत आठ हजार किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा बदला.

कूलंटचा काटा दोन-चार किलोमीटरमध्ये वर येतो, ऑइलला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. जानेवारीत सकाळी तर आणखी. ऑइलचं तापमान ८० अंशांवर येईपर्यंत साडेतीन हजार आरपीएमच्या आत राहा. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंतच्या फेरीत ऑइल तापतच नाही. न जळालेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरते, आणि बीएस-६ गाड्यांतला एक्झॉस्टचा फिल्टरही स्वच्छ होत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा गाडी महामार्गावर काढा. पाचवडपर्यंत जाऊन परत आलं तरी पुरतं. शेंद्रेहून कराडकडे सहापदरीकरणाचं काम जिथे चालू असेल तिथे खडी आणि वळणमार्ग असतात, ती बाजू या फेरीसाठी नको. घरासमोर पाच मिनिटं नुसतं इंजिन चालू ठेवणं हा उपाय नाही. त्याने नुकसानच होतं.

घाटातले ब्रेक

कासहून यवतेश्वरचा घाट उतरताना किंवा पाचगणीहून पसरणीचा घाट उतरताना गाडी ऑटोमॅटिकवर सोडू नका. ती पेट्रोल वाचवायला वरचा गिअर टाकते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. हाताने दुसरा-तिसरा गिअर ठेवा. वळणाआधी एकदाच ठामपणे ब्रेक दाबून वेग उतरवा आणि पाय पूर्ण काढा. हलका पाय सतत ठेवला की पॅड तापून गुळगुळीत होतात. खाली पोचल्यावर लगेच थांबून ब्रेक दाबून धरू नका. तापलेल्या डिस्कवर पॅडचा थर एकाच जागी उमटतो आणि नंतर ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं. दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवून मग थांबा.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, गाडी किती चालली हे न बघता बदला. डॉट-४ ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की १५५ अंशांवर येतं. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात पाणी मुरायला वेळ लागत नाही, आणि पेडल पहिल्यांदा तळाला जातं ते नेमकं घाटात.

दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सला घाटातली कोंडी सगळ्यात जड. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेकवर धरा. पुढच्या गाडीमागे इंच-इंच सरकण्यापेक्षा दोन गाड्यांची जागा मोकळी होऊ द्या आणि मग एकदम पुढे जा. खंबाटकीत किंवा आनेवाडी टोलनाक्यावर रांग लागली तरी हेच. क्लच तापल्याचा इशारा आला तर बाजूला घेऊन इंजिन चालूच ठेवून न्यूट्रलमध्ये थांबा, म्हणजे थंड करणारं तेल फिरत राहतं.

उसाचा हंगाम आणि पावसाळा

गळीत हंगाम सुरू झाला की भुईंज, शेंद्रे, कराड या सगळ्या बाजूंना उसाच्या ट्रॉली असतात. रात्री पुष्कळ ट्रॉलींना मागे दिवा नसतो आणि या गाडीत तुमची नजर त्यांच्या आसाच्या पातळीवर असते, म्हणून अंधार पडल्यावर अंतर दुप्पट ठेवा. रस्त्यावर पडलेला एक अख्खा ऊस खालचं कव्हर उपटून काढायला पुरतो.

त्याहून मोठं नुकसान दिसत नाही. ९११ आणि ७१८ चे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात आणि त्यांच्या पुढे एसीचे कंडेन्सर. उसाचं पाचट, वाळकी पानं, चिपाडाचा भुगा जाळीतून आत जाऊन तळाशी साचतो, ओला होतो आणि महिनोन्‌महिने ॲल्युमिनियमला चिकटून राहतो. दोन-तीन वर्षांत कंडेन्सर कुजून एसीचा गॅस जातो. मार्चअखेरीस टॉर्च घेऊन जाळीतून आत बघा. काळपट लगदा दिसला तर बंपर उतरवून मऊ ब्रशने आणि हलक्या हवेने साफ करून घ्या. प्रेशर वॉशरचा जोर लावला तर पाती वाकतात. नव्या गाडीला घेतानाच बारीक छिद्रांची स्टीलची जाळी बसवून घेतली तर हा प्रश्न बराच मिटतो.

पावसाळ्याआधीचं एक काम हमखास विसरलं जातं: पाणी जायच्या वाटा. काचेखालच्या कोनाड्यात आणि उघड्या टपाच्या गाडीत टपाच्या दोन्ही कोपऱ्यांत छोटी भोकं असतात. गुलमोहराखाली गाडी लावत असाल तर त्याची बारीक पानं तिथे गच्च बसतात, पाणी तुंबतं आणि सीटखाली किंवा पायाशी असलेल्या कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं. मेअखेरीस अर्धा लिटर पाणी हळूहळू ओतून बघा. ते चाकाजवळून खाली पडलं पाहिजे. पडलं नाही तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी आत सरकवा. तार घालू नका, आतली रबरी नळी फाटते.

रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतात. महामार्गाच्या कडेच्या पट्ट्यात साचलेलं पाणी दिसलं की आधीच वेग उतरवा. स्टिअरिंग हलकं लागलं तर ब्रेक न लावता पाय सोडा आणि चाकं सरळ ठेवा. साचलेल्या पाण्याची खोली माहीत नसेल तर आत घालू नका. हवा खेचायचं तोंड काही गाड्यांत गुडघ्याच्याही खाली असतं. एकदा पाणी आत जाऊन गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, त्यानेच कनेक्टिंग रॉड वाकतात. सांगलीकडे घर असलेल्यांनी आयर्विन पुलाची पातळी चाळीस फुटांच्या इशाऱ्याकडे निघाली की गाडी उंचावर हलवावी. पंचेचाळीस फुटांची धोक्याची पातळी ओलांडेपर्यंत फ्लॅटबेड मिळेनासे होतात.

बॅटरी आणि उभी गाडी

दहा दिवसांहून जास्त गाडी उभी राहणार असेल तर मेंटेनर, म्हणजे बॅटरी हळूहळू भरलेली ठेवणारा, चार्जर लावा, बॅटरी एजीएम असेल तर त्या सेटिंगवर. लिथियमची असेल तर तिच्यासाठीचाच चार्जर हवा. लिथियम सोडून बाकी बॅटरीत मल्टिमीटरने १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली, १२.४ च्या खाली गेली तर चार्ज करा. चावी गाडीपासून लांब ठेवा; जवळ असली की गाडी झोपत नाही आणि बॅटरी उतरत राहते.

बॅटरी पूर्ण उतरली तर ९११ आणि ७१८ चं पुढचं झाकण उघडत नाही, कारण ते विजेवर उघडतं आणि बॅटरी त्याच झाकणाखाली असते. पायाशी असलेल्या फ्यूजबॉक्समध्ये एक लाल टर्मिनल ओढून बाहेर काढता येतो. त्याला बाहेरच्या १२ व्होल्ट बॅटरीचा धन आणि दाराच्या कुलपाच्या धातूला ऋण लावून झाकण उघडता येतं. तो टर्मिनल कुठे आहे हे आज, दिवसाउजेडी, शोधून ठेवा. आणि ट्रकची बॅटरी लावून गाडी सुरू करू देऊ नका: ट्रकला २४ व्होल्ट असतात, गाडीतले कंट्रोल युनिट जळतात.

महिनाभर उभी ठेवायची असेल तर टायरमध्ये पाच-सहा पीएसआय जास्त हवा भरा, चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडा. पावसाळ्यात पॅड डिस्कला गंजून चिकटतात. शेताजवळ घर असेल तर उंदरांचा बंदोबस्त आधी. गॅरेजच्या दाराखालची फट सहा मिलिमीटरच्या जाळीने बंद करा आणि गाडीजवळ पेंड किंवा धान्याचं पोतं ठेवू नका.

दुसऱ्यांच्या हातात गाडी देताना

वॉशिंग सेंटरला आधी सांगा: खालून डिझेल किंवा जुन्या ऑइलचा फवारा नको. त्याने सस्पेन्शनचे रबर बुश फुगतात आणि थेंब डिस्कवर उडाले तर पॅड बाद होतात. टायरच्या नक्षीला पॉलिशही नको. लिफ्टवर घ्यायची असेल तर आधार फक्त ठरलेल्या जागी, रबरी ठोकळा मध्ये घालून. दोन सेंटिमीटर चुकलं तर प्लास्टिकची साइड स्कर्ट किंवा खालचा पाइप दबतो. या जागांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि मेकॅनिकला दाखवा. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर उन्हात धुऊ नका. धुतल्यावर एक-दोन किलोमीटर चालवून ब्रेक हलके दाबा आणि मग गाडी आत लावा.

अलाइनमेंटनंतर छापील कागद मागा. त्यावर तुमच्याच मॉडेलचं नाव आणि मर्यादा असल्या पाहिजेत. ‘सगळं हिरवं आलं’ एवढ्यावर समाधान मानू नका, मागच्या टोचे दोन्ही आकडे सारखे आहेत का ते बघा.

विम्यात झीरो डेप्रिसिएशन (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई), इंजिन संरक्षण आणि टायरचं कव्हर घ्या. बंद पडलेली गाडी नेण्याच्या सेवेत ‘फ्लॅटबेड’ हा शब्द लिहिलेला आहे का तेही वाचा. एक्झॉस्ट बदललेला असेल तर विमा कंपनीला कळवल्याशिवाय ठेवू नका, दावा अडतो.

फ्लॅटबेड आला की घाई करू देऊ नका. ओढायचा हूक गाडीच्या टूलकिटमध्ये असतो आणि पोर्शेत त्याचा आटा उलटा असतो, डावीकडे फिरवून बसतो. चढताना नाक घासू नये म्हणून दोन फळ्या उताराच्या तोंडाशी ठेवा. पट्टे चाकांवरून टाकायला सांगा, सस्पेन्शनच्या दांड्यांना नाही. चारही चाकं वर असल्याशिवाय गाडी हलवू देऊ नका आणि निघण्याआधी चारही बाजूंचे फोटो चालकासमोर काढा.